नवापूरच्या गाळात राहिलेला डावा बूट

प्रति,
मा. तालुका संघटक साहेब,
किनारपट्टी बालवीर-वीरबाला स्वयंसेवक संघ,
तालुका कार्यालय, पालघर.

अर्जदार : सौ. नलू एकनाथ तामोरे, वय ५३, धंदा मासळी सुकवणे व विकणे, मानसेवी पथकनायिका, वीरबाला पथक, रा. नवापूर.
अर्ज लिहून देणार : तेजल, अर्जदाराची सून व पथकाची सहायक स्वयंसेविका.

विषय : गणवेशभंगाचा ठपका मागे घेऊन नवापूर पथकाच्या अकरा मुलींना माहीम (ता. पालघर) येथील सागरी शिबिरास (१३ ते १५ मार्च २०२६) जाऊ देणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. १६ फेब्रुवारी २०२६.
२) गणवेश नियमावली, कलम ७ व कलम १९.
३) दि. ४ फेब्रुवारीची भरती.

महोदय,

अर्जदार नम्रपणे कळवते की, आपली नोटीस तिला मिळाली. ती बोंबील उलथण्याच्या वेळेला आली, म्हणून ओल्या हाताने घेतली गेली. कागदावर जो डाग आहे तो त्याचा आहे, अवमानाचा नाही. नोटिशीत तीन ठपके असून सात दिवसांत खुलासा मागितला आहे. खुलासा न आल्यास अर्जदाराचे ओळखपत्र रद्द होईल, आणि नायिकेविना पथक शिबिरास जाऊ शकणार नाही. अर्जदाराचे ओळखपत्र गेले तर तिचे काही अडत नाही. तिला गावात सगळे ओळखतात. परंतु अकरा मुलींनी गेली तीन वर्षे या शिबिराची वाट पाहिली आहे, सबब हा अर्ज.

१. प्रथम, या तीन वर्षांत पथकाला उपक्रमाच्या कोणत्या संधी मिळाल्या ते सांगणे भाग आहे. पहिल्या वर्षी बोईसरला एका सभागृहाच्या दारात दोन रांगा करून पाहुण्यांवर फुले टाकली. पाहुणे मागच्या दाराने गेले. दुसऱ्या वर्षी एका दुकानाच्या उद्घाटनाला गर्दी आवरली. गर्दी अकरा मुलींचीच होती. त्याच वर्षी जलसुरक्षेचा वर्ग झाला, तो तिसऱ्या मजल्यावर, पडद्यावर चित्रे दाखवून. वीज गेली तेव्हा बुडणारा माणूस अर्धा पाण्यात होता, तो अजून तसाच आहे. तिसऱ्या वर्षी पाम गावी वृक्षारोपणाला मुलींनी खड्ड्याभोवती उभे राहून टाळ्या वाजवल्या. या सर्व प्रसंगी गणवेश पूर्ण होता, स्कार्फ इस्त्रीचे होते, बुटांत तोंड दिसत होते. काम मात्र कुठेच नव्हते. पथकातील रिद्धी हिने अर्जदाराला विचारले, "मावशे, आपन स्वयंसेवक हाय का मखर?" अर्जदाराने तिला परत रांगेत उभे केले. तिच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडून मिळावे.

२. ठपका पहिला : दि. ४ रोजी पाहणीच्या वेळी अर्जदार कासोटा घातलेल्या व अनवाणी अवस्थेत होती, त्यामुळे कलम ७ चा भंग झाला. कलम ७ अर्जदाराने तेजलकडून तीनदा वाचून घेतले. साडी आकाशी, पाचवारी, निऱ्या घोट्यापर्यंत, पांढरे मोजे, काळे बंद बूट. कलम चांगले आहे, फरशीवर शोभते. पण नवापूरच्या खाडीत ओहोटीला पाचवारी नेसून उतरले, तर निऱ्या आधी भिजतात, मग पायात येतात, मग बाई पडते. म्हणून अर्जदाराने गणवेशाच्या दोन साड्या जोडून एक लुगडे शिवले व कासोटा घातला. रंग तोच, काठ तोच. म्हणजे अर्जदाराच्या अंगावर त्या दिवशी दुप्पट गणवेश होता, आणि ठपका अपुऱ्या गणवेशाचा आला. बुटांबाबत अर्जदार इतकेच म्हणते की, तिचे बूट कोरडे व स्वच्छ होते. ते तिने होडीत ठेवले होते.

३. त्या दिवशी काय घडले ते आपल्याला ठाऊक आहे, कारण ते आपल्यालाच घडले. तरीही नोटिशीत ते "किरकोळ अडथळा" या दोन शब्दांत आल्याने सविस्तर लिहावे लागते. पाहणी सकाळी सातची होती. मुली सहापासून खाडीच्या काठी उभ्या होत्या. आपण साडेनऊला आलात. वाटेत सत्कार असल्याचे नंतर समजले. त्याबद्दल तक्रार नाही. पण तो दिवस पुनवेनंतरच्या तिजेचा होता. तिजेची ओहोटी आठला तळाला जाते आणि मग पाणी फिरते. पाण्याला सत्काराचे आमंत्रण नव्हते. सातच्या पाहणीला जी जागा कडक वाळूची होती, ती साडेनऊला नुसती दिसायला वाळू होती.

मुलींनी बांबूचा पूल बांधून दाखवला. आपण समाधान व्यक्त केले. मग आपल्यासोबत आलेला छायाचित्रकार म्हणाला, "साहेब, थोडं मागे, म्हणजे समुद्र येईल." अर्जदार म्हणाली, "सायेब, मागं नको, समुद्र तसाबी येतोय." आपण तिच्याकडे पाहिले, छायाचित्रकाराकडे पाहिले आणि पाच पावले मागे गेलात. पाचवे पाऊल परत आले नाही.

गाळ गुडघ्यापर्यंत आला तेव्हाचे बोलणे अर्जदाराला शब्दशः आठवते, व नोटिशीत ते नसल्याने येथे नोंदवते.

अर्जदार : "सायेब, झटका देऊ नका. जितकं झटकाल तितकं आत जाल. बुटाच्या नाड्या सोडा, पाय आपसूक येल."
आपण : "बूट गणवेशाचा भाग आहे, बाई. मुलींसमोर मी अनवाणी उभा राहू का?"
अर्जदार : "उभं नका ऱ्हाऊ, आडवं व्हा."
आपण : "काय?"
अर्जदार : "पाठीवर पडा, सायेब. पान्याला नियमावली वाचता येत नाय."

मुली हसल्या. त्याबद्दल अर्जदार त्यांच्या वतीने माफी मागते. (हसायला नको होते असे तेजलचे म्हणणे आहे. अर्जदाराचे म्हणणे की, ज्या मुली हसत होत्या त्यांचेच हात गाठी मारत होते, म्हणून हसणे क्षम्य आहे. हे वाक्य तेजल खोडत होती. अर्जदाराने खोडू दिले नाही.)

४. ठपका दुसरा : अकरा स्कार्फ "विहित कारणाखेरीज अन्य कारणासाठी" वापरून खराब केले. महोदय, त्या वेळी दोर होता, पण तो पुलाला बांधलेला होता, आणि पूल आपल्या पाहणीसाठी होता. शेरा पडेपर्यंत सोडायचा नव्हता. मग मुलींनी गळ्यातले स्कार्फ काढले. पुस्तकातली गाठ ओल्या कापडाला सरकते, हे त्यांच्या आज्यांना माहीत आहे, म्हणून त्यांनी जाळ्याची गाठ घातली. अकरा स्कार्फांचे टोक आपल्या काखेखालून गेले. आपण पाठीवर आडवे झालात, मुलींनी ओढले, अर्जदार गाळावर पोटावर सरकत आपल्या पायांपर्यंत गेली. उजवा पाय बुटासकट आला. डाव्याची नाडी अर्जदाराने दातांनी सोडली. पाय आला, बूट राहिला. तेव्हा पाणी आपल्या नावाच्या पट्टीपर्यंत आले होते. नोटीस पाणी "घोट्यापर्यंत" असे म्हणते. पट्टी छातीवर असते, घोट्याला नाही.

संघाच्या पुस्तिकेत पान ३१ वर स्कार्फचे उपयोग दिले आहेत : झोळी, पट्टी, दोर. अर्जदाराला वाचता कमी येते, पण चित्रात एक माणूस स्कार्फ धरून दुसऱ्याला ओढतो आहे. दोघांच्याही गणवेशाला इस्त्री आहे. ती त्यांनी कशी सांभाळली हे पुस्तिकेत दिलेले नाही.

५. ठपका तिसरा : सदर बचावकार्य हा उपक्रम मंजूर यादीत नव्हता व त्यासाठी पंधरा दिवस आधी परवानगी घेतली नव्हती, सबब मुलींना जलसुरक्षेचे पदक देता येत नाही. पदकाबाबत अर्जदार हट्ट करत नाही. परवानगीबाबत मात्र तिचे म्हणणे असे की, भरती कधी येणार हे ती पंधरा दिवस काय, पंधरा वर्षे आधी सांगू शकते. आपण मागे कधी सरकणार हे सांगणे तिच्या शक्तीबाहेरचे होते.

तसेच पथक "यादीबाह्य गीते" गाते, असाही एक शेरा आहे. मुली ओढताना जे गात होत्या ते गीत नव्हते. ती पाण्याची ओवी आहे. अर्जदाराच्या आजीने ती तिच्या आईला दिली आणि अर्जदाराने या अकरा जणींना. ती येथे लिहून देते, म्हणजे यादीत घालायला सोपे पडेल :

तिजेच्या पान्या रं, न्यारीला फिरशी,
उभ्याला धरशी, आडव्याला सोडशी.
मान ज्याची ताठ रं, त्याला आधी गिळशी,
वाकल्या वेलीला मातर काठाला आणशी.

यात कोणाही अधिकाऱ्याचा उल्लेख नाही. ओवी जुनी आहे.

६. आता मूळ अडचण. शिबिरासाठी प्रवेशपत्र लागते. तालुक्यातल्या इतर पथकांच्या पत्रांवर आपली सही ३ फेब्रुवारीलाच झाली. आमच्या पत्रावर ती ४ तारखेला पाहणीनंतर जागेवरच व्हायची होती, ती राहिली. पत्रे स्वीकारण्याची मुदत २८ फेब्रुवारी आहे. नोटीस येण्याआधी, १२ तारखेला, तेजल पालघरला कार्यालयात गेली होती. खिडकीवरचे लिपिक श्री. मेहुल यांनी सांगितले ते असे : कलम १९ प्रमाणे प्रवेशपत्रावर सही संघटकांनी ध्वजासमोर, पूर्ण गणवेशात करायची असते. साहेबांचा एक बूट नाही. गणवेश अपूर्ण. सही नाही.

"मग नवे बूट घ्या," तेजल म्हणाली.

"ताई, बूट संघाकडून मिळतात, जोडीने," मेहुल म्हणाले. "जोडी मागायला जुनी जोडी जमा करावी लागते. साहेबांकडे अर्धी हाय. नुसता डावा मागायला अर्जाचा नमुना नाय. नमुना मागवलाय."

"कधी येईल?"

"नमुन्यासाठी लिहिलंय, त्या पत्रावरबी साहेबांची सही पायजे, तीबी पूर्ण गणवेशातली."

तेजल घरी येऊन रडली. अर्जदार रडली नाही, कारण त्या दिवशी मासळी भरपूर होती. पण संध्याकाळी मुली अंगणात आल्या आणि धुतलेले स्कार्फ मांडीवर घेऊन बसल्या. स्कार्फांच्या गाठी ओढून इतक्या घट्ट झाल्या होत्या की आठ दिवस सुटत नव्हत्या. त्या सुईने एकेक सोडवत असताना रिद्धी म्हणाली, "मावशे, आमी सायबाला वडलं, म्हनून आमाला शिक्षा?" अर्जदार म्हणाली, "नाय गो, बूट वडला नाय म्हनून." हे तिने हसून सांगितले. मुली हसल्या नाहीत.

७. शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेकडेही लक्ष वेधावेसे वाटते. रविवारी, १५ तारखेला, दुपारी अडीच वाजता "भरतीच्या वेळी घ्यावयाची काळजी : प्रात्यक्षिक" असे छापले आहे. त्या दिवशी एकादशी आहे. एकादशीची भरती सकाळी सव्वाआठला होऊन गेलेली असेल, आणि अडीच वाजता माहीमच्या किनाऱ्यावर पाणी पाहायला दुर्बीण लागेल. भरती दाखवायची तर सकाळचा चहा लवकर उरकावा. आपण स्वतः मार्गदर्शन करणार असल्याचे पत्रिकेत आहे, म्हणून काळजीने लिहिते : ओहोटीला मागे जाऊ नये. पुढे कोणीही फोटो काढत असले तरी.

८. तरी विनंती की, ठपका मागे घ्यावा. तो मागे घेणे नियमात बसत नसेल, तर तो अर्जदाराच्या एकटीच्या नावे ठेवावा, मुलींच्या नावे नको. कासोटा चालत नसेल तर अर्जदार पाचवारी नेसेल, मोजे घालेल, बूट घालेल आणि डांबरी रस्त्याच्या कडेला उभी राहील. फक्त मुली पाण्यात असताना पाण्याजवळ अनवाणी एक माणूस असावा, इतका आदेश काढावा. तो माणूस कोण, हे आपण ठरवावे. तिला भरती कळायला हवी.

९. शेवटची बाब. १९ तारखेला उधाणाची मोठी ओहोटी होती. अकरा जणी सकाळी शिंपल्या वेचायला म्हणून गेल्या. शिंपल्या आणल्या नाहीत. दोन तास बांबूने गाळ चाचपून त्यांनी पुलापासून पाच पावलांवर काय काढले, ते सोबत जोडले आहे. आत एक खेकडी राहत होती. तिला तिचे सामान आवरायला वेळ देऊन मग बाहेर काढले. धुतला, नाडी बदलली, खोबरेल लावून चकाकी आणली. वाळवायला जागा बोंबिलांच्या बांबूवरच होती, त्यामुळे थोडा वास येईल. त्याबद्दल क्षमस्व.

आता आपला गणवेश पूर्ण आहे.

आपली नम्र, आणि पाणी फिरायच्या आत उत्तराची वाट पाहणारी,

नलू एकनाथ तामोरे
(सही स्वतःची. अंगठा नाही.)

दि. २३ फेब्रुवारी २०२६
स्थळ : नवापूर

सोबत :
१) आपल्या नोटिशीची प्रत, डागासह.
२) पुस्तिकेच्या पान ३१ ची प्रत.
३) स्कार्फ, नग ११, धुतलेले. (एकाची गाठ सुटली नाही. ती सोडवू नये, मुलींचे म्हणणे.)
४) प्रवेशपत्र, सहीची जागा पेन्सिलीने खूण केलेली.
५) बूट, काळा, डावा, नग १. पायात घालून सही करावी, ही विनंती.