झाकणावरचं वाक्य

१७ ऑगस्ट, रविवार

गेवराईहून आत्ता आले. पाय सुजलेत. घसा गेलाय. काढा घ्यायचाही कंटाळा.

गुणवंतांचा सत्कार होता. अंजलीला नांदेडला एमबीबीएसची जागा लागली म्हणून तिला शाल-नारळ, आणि मी प्रमुख वक्ता. एका निमंत्रणात दोघी. भाषण झाल्यावर खुर्चीत टेकते न टेकते तोच तिथला वाळूचा ठेकेदार उठला. "ताईंच्या लेकीला आपल्याकडून लॅपटॉप." मागून खोकं आलंसुद्धा. फोटोवाला पुढे सरसावला. या माणसावर मी नाव न घेता नुकतीच बोलले होते. त्याने टाळ्याही वाजवल्या होत्या!

उठले, परत माइक घेतला. नदीचं पात्र विकून आलेली वस्तू माझ्या घरात येणार नाही, म्हटलं. मांडव दणाणला.

खोकं तोवर अंजलीच्या हातात अर्धं आलं होतं. तिने ते खाली ठेवलं आणि ओढणीला हात पुसले.

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. केजला उतरताना एवढंच — "आई, स्क्रीन चांगली होती त्याची."

१८ ऑगस्ट

शाळा. आठवीच्या वह्या. संजय एसटीच्या वर्कशॉपमधून उशिरा आला. जेवताना म्हणाला, "नाकारलंस ते बरं केलंस. पण आता आपल्या पोरीला कुठून आणायचा तेही माइकवरच सांगायचं होतंस."

नुसतं घशाकडे बोट दाखवलं. घसा बसल्याचं निमित्त चांगलं होतं.

२० ऑगस्ट, बुधवार

विहारात बैठक. मला बोलावलं नव्हतं, तरी गेले. समितीचे अध्यक्ष म्हणजे सर्जेरावमामा — चुलत सासरे लागतात. त्यांनी सरळ सांगितलं, "लॅपटॉप वस्ती देणार. वस्तीतली पयली डॉक्टर हाय. ठरलं."

मी उभी राहिले. सवयच ती. म्हटलं, आपण हक्क मागणारी माणसं आहोत, वर्गणीवर लेकरं शिकवायची वेळ आली तर शासनाला जाब विचारायचा. शिष्यवृत्ती येईल, वाट बघू. पंधरा मिनिटं तरी बोलले असेन.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं. त्या ठेकेदाराला न्हाई म्हणलात, आमाला लई आनंद झाला. आता आमालाबी न्हाई म्हणता. मंग आमी कोण?"

मी खाली बसले.

मग पारूबाई बोलल्या. नात्याने सासूच. पदर डोक्यावर घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. "मला एकच इचारायचंय. ऊसतोडीला गेल्यालो तवा माझी गर्भाची पिशवी काढली. अठ्ठावीसची व्हते. कावून काढली ते आजपातूर कुणी सांगितलं न्हाई. आपली पोरगी डॉक्टर झाली तर हितं बसंल ना? आपल्या बायांना इचारता येईल ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अंजलीकडे नाही, माझ्याकडे.

मी म्हटलं, "बसणारच. याच वस्तीत दवाखाना टाकेल. शब्द देते."

टाळ्या. किती सोप्या मिळतात टाळ्या.

अंजली दाराजवळ चपला नीट लावत होती. कुणाच्या तरी चपला, स्वतःच्या नव्हेत.

२३ ऑगस्ट

बीडला गेलो. मी, संजय, अंजली, सर्जेरावमामा आणि पारूबाई. एक लॅपटॉप घ्यायला पाच माणसं. दुकानदाराला वाटलं आम्ही भांडायला आलोय.

मामांना मोठा हवा होता. सगळ्यात मोठा. "विहारात ठिवला तर मागच्यालाबी दिसाया पायजे." दुकानदाराने खेळ खेळायचा एक काढला — काळा, जाडजूड, कळांखाली लाल-निळे दिवे लागणारा. मामा खूश. पारूबाईंनी हातात उचलून बघितला आणि खाली ठेवला. "ही पोरगी हॉस्टेलवर ऱ्हाणार का हमालीला चालली?"

अंजली एका कडेला एक पातळसा उघडून बसली होती. त्यावर फोटो लावून बघायची — लाल, गुलाबी, जांभळा. मान इकडून तिकडे करायची. परत तेच. दुकानदार म्हणाला, "मॅडम, डॉक्टरीला रंगाचं काय काम? प्रोसेसर बघा, रॅम बघा." ती म्हणाली, "रंग खरे दिसले पाहिजेत." बस, एवढंच.

मग मी बोलले. मोठं म्हणजे चांगलं, ही समजूत आपल्याला कुणी शिकवली इथपासून सुरुवात केली. मामा हसून म्हणाले, "घ्या बाई, ल्हानच घ्या. न्हाईतर मॅडम दुकानातच सभा घेत्याल."

तिच्या बाजूने बोलले, जिंकलेही. पण रंग खरे कशाला हवेत हे तिला विचारलं नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. उद्या विचारेन.

२४ ऑगस्ट

दिवसभर वडवणी. महिला मेळावा. विचारायचं राहिलं.

२७ ऑगस्ट, बुधवार

लॅपटॉप अजून घरी आलाच नाही. विहारात टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवलाय. बाया येतात, बघतात, बोट लावतात, बोट पुसतात. झाकण चकचकीत राखाडी. धाकट्या जावेने विचारलं, "ह्याच्यात माणूस दिसतं का आतून?" अंजलीने तिचाच फोटो काढून तिला दाखवला. तेवढ्यावर हसू फुटलं सगळ्यांना. अंजलीलाही. किती दिवसांनी बघितलं तिला असं.

मामा म्हणाले, नाव टाकून रविवारी कार्यक्रमात द्यायचा.

रीतच आहे. विहारातल्या पंख्याच्या पात्यावर दात्याचं नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, लग्नातल्या प्रत्येक हंड्यावर नाव. मी बरं म्हटलं. मला वाटलं कागदाची चिठ्ठी चिकटवतील.

३० ऑगस्ट

संपलं.

मामांनी लॅपटॉप केजला भांड्यांच्या दुकानात नेला. तिथे म्हाळू बसतो — भांड्यांवर नावं टाकणारा. हातात ती गुरगुरणारी मशीन, टोकाला सुई. हंडा असो, ताट असो, झरझर लिहितो, अक्षर मोत्यासारखं. त्याने मिटलेला लॅपटॉप मांडीवर घेतला, भांडं धरतो तसा तळव्याने दाबून धरला आणि सुरुवात केली. ओळ अर्धी झाली तेव्हा आतून काहीतरी वाजलं, म्हणे. उघडून बघितलं तर स्क्रीनवर काळं पसरलेलं, दौत लवंडल्यासारखं. एका कोपऱ्यात तेवढा उजेड.

मामांनी तो घरी आणला, कापडात गुंडाळून. ओट्यावर बसले. पाणी घेतलं नाही. "म्हाळू लई रडला," म्हणाले. "म्हणतो, आजपातूर एक ताट वाकडं केलं न्हाई म्या."

कार्यक्रम रद्द. संध्याकाळपर्यंत वस्तीत सगळ्यांना कळलं. आमच्या घराकडे कोणी आलं नाही. एरवी मिठालासुद्धा येतात.

३१ ऑगस्ट, रविवार

मामांकडे गेले. दोष द्यायचा नव्हता, पण तोंडातून गेलंच — "नावच टाकायचं होतं ना मामा? वस्तीचं नाव टाकून थांबायचं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमी झाकण बघितलं न्हाई व्हय?"

खरंच बघितलं नव्हतं. स्क्रीनच बघत बसले होते सगळा वेळ.

"नाव न्हाई टाकलं मॅडम. दोन शब्दांचं नाव असतं तर म्हाळूनं चटकन उरकलं असतं. आमी म्हणलं नाव कावून टाकायचं, मॅडमचं वाक्य टाकू. जयंतीला बोलला व्हता ते. पोरीला रोज उघडताना दिसंल."

घरी येऊन झाकण बघितलं. म्हाळूचं अक्षर खरंच सुरेख आहे. 'शिकलेलं लेकरू घरच्यांचं नसतं, समाजा' — इथपर्यंत. पुढे सुई घसरल्याचा एक ओरखडा.

माझंच वाक्य. किती गावांत म्हटलं असेल. प्रत्येक ठिकाणी थोडं थांबून, उजवा हात वर करून. लोक वाटच बघत असतात या वाक्याची.

अंजली मागे उभी होती. म्हणाली, "आई, लांब आहे गं वाक्य."

चेष्टा करत होती. मला हसू आलं नाही. तिलाही नंतर आलं नाही.

२ सप्टेंबर

विचारलं. भाकरी करता करता, तिच्याकडे पाठ करून. तोंड समोर असलं की माझं भाषण सुरू होतं.

"रंग खरे कशाला हवेत?"

तिने पिठाचा डबा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "स्लाइड बघायला."

"कसल्या?"

तिने सांगितलं. थांबत थांबत, नेहमीसारखं. लातूरला शिकत असताना मैत्रिणीच्या भावाच्या लॅबमध्ये गेली होती. काचपट्टीवर गुलाबी-जांभळे ठिपके, आणि ते बघून तो माणूस सांगत होता कुठल्या बाईला काय झालंय आणि काय झालेलं नाही. "मला ते करायचंय आई. पॅथॉलॉजी. मला दवाखान्यात बसायचं नाही. लोकांशी बोलायचं मला जमत नाही, तुला माहितीय. मला बघायला जमतं."

"म्हणजे इथे—"

"इथल्या लॅब रक्त-लघवीच्या. मोठ्या हॉस्पिटलातच असतं ते. पुणे, मुंबई. आणखी कुठेतरी."

"त्या दिवशी विहारात का नाही बोललीस?"

"तू शब्द देत होतीस. तुझ्या मधे कोण बोलणार?"

भाकरी करपली. तिनेच उलटली.

३ सप्टेंबर

झोप नाही. शाळेत फळ्यावर तारीख चुकीची लिहिली.

रागावलेय का? हो. कुणावर ते ठरत नाही. समाजाने घडवलेल्याने समाजाकडे परत यायचं, हे मी टाळ्यांसाठी म्हणत नाही. ते खरं आहे, आजही. मी आले परत. बीएड झाल्यावर पुण्याची नोकरी सोडून आले. संजयला वाटलं होतं वेड लागलं. पारूबाईंचा प्रश्नही खरा आहे — तिथे कोण बसणार? त्या बाईला कोण सांगणार का काढली ते?

पण मी आले ते माझं मी ठरवून आले. मला कुणी कोरून दिलं नव्हतं.

अख्खा दिवस हीच दोन वाक्यं एकमेकांवर आपटतायत. व्यासपीठावर असते तर एकाला जिंकवून मोकळी झाले असते.

७ सप्टेंबर

संजयने बीडहून नवी स्क्रीन बसवून आणली. झाकण बदलायचं का, असं दुकानदाराने विचारलं होतं. संजयने अंजलीला फोन लावून दिला. ती म्हणाली, राहू द्या.

मी कारण विचारलं नाही. या वेळी मुद्दाम नाही. सांगायचं असेल तेव्हा सांगेल.

११ सप्टेंबर, गुरुवार

अंजली गेली. केजच्या स्टँडवरून सकाळची नांदेड गाडी. वस्तीतून पोचवायला कोणी आलं नाही, मामा सोडून. ते लांब, स्टँडवरच्या पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. अंजलीच गेली त्यांच्याकडे. पाया पडली. पिशवीतून लॅपटॉप काढून उघडून दाखवला — चालतोय बघा, आबा. मामांनी हात मागे बांधले. बोट लावलं नाही.

गाडी लागल्यावर ती मला म्हणाली, "आई, त्यांना काहीतरी सांगावं लागेल. ते वाट बघत राहतील. पाच वर्षं, सात वर्षं. मी सुट्टीत येऊन सांगू?"

"तुला जमेल?"

"नाही. पण सांगेन."

ती विहारात, सगळ्यांसमोर, अडखळत बोलतेय असं डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, "नको. शब्द मी दिला होता. बोलायचं काम माझं."

गाडी हलली. खिडकीतून हात हलवणारी पोर नाही माझी. नुसती बघत राहिली, दिसेनाशी होईपर्यंत.

१३ सप्टेंबर

भाषणाची टिपणं काढायला बसले. चार कागद फाडले. प्रत्येकात दोन ओळींनंतर मी स्वतःला सोडवून घेत होते. घसा बरा आहे. निमित्त नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

विहारात वंदना झाली. उभी राहिले. हात वर केला नाही.

म्हटलं, अंजली इथे दवाखाना टाकणार नाही. तिला प्रयोगशाळेत काम करायचंय, बाहेर, मोठ्या शहरात. ती परत येईल की नाही हे तिचं ती ठरवेल. तुम्हाला शब्द तिने दिला नव्हता, मी दिला होता, तिला न विचारता.

संपलं. टाळी नाही.

सर्जेरावमामा म्हणाले, "मंग लॅपटॉप?"

मी तोंड उघडायच्या आत पारूबाई हाताचा आधार घेत उठल्या. "दिलाय तिला. आता त्याचं काय इचारता?"

माझ्याकडे बघितलं नाही. चपला शोधल्या आणि कामाला निघून गेल्या.

मी उभीच होते. मग खाली बसले, बायांमध्ये, पारूबाईंच्या रिकाम्या जागेवर.