बोटीच्या नंबराचा ठसा

बाबा, काल हजिऱ्याच्या यार्डात एक बोट आली आणि तिच्यापायी मला तुमची कंपासपेटी उघडावी लागली. तुम्ही गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. दुबईत घेतलेली, एका हौशी डॉक्टरांची बोट. कागद सगळे कॉम्प्युटरवर, नंबराचा फोटो मोबाइलवर. तरी तुमची सुतारी पेन्सिल सोबत असावी असं वाटलं. यंत्र असो की बोट, कोरलेल्या नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासायची, ठसा घ्यायचा आणि त्या ठशावरूनच कस्टमचा फॉर्म भरायचा, विकणाऱ्याच्या बिलावरून नाही, हा तुमचा नियम. कस्टममधून माल सोडवणारे सुरतेतले बाकीचे क्लिअरिंगवाले हसायचे. तुम्ही त्यांना खिजगणतीतही धरत नव्हता. तसं तुम्ही घरातही फारसं कुणाला धरत नव्हता.

आपल्याकडे आलेली पहिली बोट तुम्ही विसरला नसाल. मस्कतच्या वर्कशॉपात उभं आयुष्य काढलेले ते गुजराती काका. तिथल्या एका साहेबाची जुनी शिडाची बोट त्यांनी विकत घेतली होती, म्हातारपणी बायकोला तापीत फिरवायला. त्या दिवशी ते सुरती घारीच्या मिठाईचा डबा घेऊन ऑफिसात बसलेले आहेत, आणि मी फाइलला विक्रीच्या कागदाची प्रत लावायला विसरले आहे. तुम्ही फाइल माझ्या पायाशी टाकता. काका आणि दोन्ही कारकून बघताहेत. "डोळे फुटलेत का तुझे? हे काम तुझं नाही. जा, चहा कर." आठवड्यापूर्वीच मला कस्टमचं काम करायचा पास मिळाला होता, आणि त्याचे पेढे त्याच कारकुनांना मी वाटले होते. मी चहा केला. काकांनी कप घेताना माझ्याकडे बघणं टाळलं, ते तुमच्या शब्दांपेक्षा जास्त लागलं.

तुम्ही जेवायला गेलात. टेबलावर तुम्ही सकाळी घेतलेला ठसा होता. मी फॉर्म भरला आणि नंबरातल्या तीनचा आठ केला. ठसा फाडून चहाच्या चोथ्यात टाकला. चूक झाली नाही, बाबा, मी ती केली. अधिकाऱ्यांपुढे एकदा तुमची मान खाली जावी, एवढंच मला हवं होतं. कारकुनांचा प्रत्येक फॉर्म तुम्ही दोनदा वाचायचात, माझ्या फॉर्मवर मात्र न वाचता सही करायचात. तेवढा एकच विश्वास तुम्ही माझ्यावर टाकलात आणि मी नेमका त्याच्यावरच हात टाकला.

फॉर्मवर एक नंबर, बोटीवर दुसरा. खोटी माहिती दिल्याचा संशय, चौकशी, फाइल वर गेली. दोन पावसाळे बोट यार्डात उघड्यावर पडून राहिली. सुटली तेव्हा तिला तडे गेले होते. आता ती चलथाणला काकांच्या भावाच्या शेतात उसाच्या कडेला उभी आहे आणि तिच्यात गुरांचा कडबा भरतात. चौकशीत तुम्ही एकच वाक्य बोललात, "नंबर मी चुकीचा वाचला." बाहेर आल्यावर काका रागावलेसुद्धा नाहीत. तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, एक वार आंख बतावी आवो ने." एकदा डोळे दाखवून या म्हणे. तुम्ही मान हलवलीत. मी शेजारी उभी होते, आणि खरं सांगते, मला गोड वाटलं.

मग सगळ्या सुरतेत झालं, म्हाताऱ्याची नजर गेली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत. तरी तुम्ही ऑफिस माझ्या हवाली केलंत, घरी बसलात आणि फर्मान काढलंत की रोज सकाळी पेपर मी वाचून दाखवायचा. पहिल्या पानापासून, जाहिरातींसकट. अकरा वर्षं. ताप असला तरी, घरात पाहुणे असले तरी. वाचताना माझी जीभ अडखळली की तुम्ही म्हणायचात, "बघून वाच." मला वाटायचं, माझ्यामुळे बापाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला. पान उलटताना मी पेपर तोंडाआड धरायचे. तुम्ही ते बघत असायचात.

काल कंपासपेटीत पेन्सिलीखाली चार घड्यांचा कागद निघाला. तुम्ही दोन ठसे घेता हे मला कधी माहीतच नव्हतं. नंबर स्वच्छ उमटलाय, तीन अगदी तीनसारखा. खाली तुमचं बारीक अक्षर : "खरा नंबर हा. फॉर्ममध्ये मुलीने बदलला."

हा कागद दाखवला असता तर बोट सुटली असती आणि माझा पास गेला असता. तुम्ही माझा पास वाचवलात, म्हणून मी रडायला हवं होतं. पण मला अकरा वर्षांच्या सकाळी आठवल्या. तुम्हाला सगळं स्वच्छ दिसत होतं. मला वाकवायला तुम्ही आंधळं व्हायलाही तयार झालात, आणि त्या भल्या माणसाची बोट आपल्या दोघांच्या भांडणात कुजली. मी तुमचीच मुलगी, यात शंका नको.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. पण एक राहिलं. आज दुपारी काका आले होते, डॉक्टरांच्या बोटीची बातमी ऐकून. आता ते काठी टेकत चालतात, बायको घराबाहेर पडत नाही. तुमच्या फोटोकडे बघून म्हणाले, "माणूस सोन्यासारखा, बिचाऱ्याला डोळ्यांनी दगा दिला." ठसा माझ्या टेबलावरच होता. मी त्याच्यावर चहाचा कप ठेवला आणि हो म्हणाले.