पास्कलची तिसरी वेळ

१२ जानेवारी १९९८
पास्कल पुन्हा माझ्या कोर्टात. पाचूबंदरची मासळी स्कूटरवरून बिल्डिंगांमधून विकतो. पूर्वी दारूच्या नशेत होळी बाजारातल्या एका म्हाताऱ्याला उडवलं, तेव्हा गाडी चालवायला बंदी घातली गेली. ती दोनदा मोडली, दोन्ही वेळा मीच दंड केला. आज तिसऱ्यांदा. गुन्हा कबूल.
वकील म्हणाले, दारू सुटलीय, घर याच्यावरच चालतं. पुरावा म्हणून बायकोला पुढे आणलं. रेजिना. काही सांगायचंय का, मी रीत म्हणून विचारलं. मनात ठरलेलंच होतं: दंड आणि कडक ताकीद.
"मॅडम, ह्याला आत ठेवा. दंड भरतो नि सकाळी परत गाडीवर बसतो. दारू सुटली नाय. घर मी चालवीन. पन उद्या कोन मेलं, तर त्या घरी मी काय सांगू?"
वकिलांनी कागद मिटले. पास्कल तिच्याकडे बघत होता. रागानं नव्हे. कसं, ते लिहिता येत नाही.
निकाल उद्यावर ठेवला.

तीच संध्याकाळ
आईला सांगितलं, तर म्हणाली, धीराची बाई. मला तो शब्द अपुरा वाटतो. माझ्यापाशी कायदा, पोलीस, खुर्ची. तरी दोनदा मी सोपं तेच केलं. आणि ही आज त्याच्याबरोबरच त्याच घरी गेली.

१३ जानेवारी
साधी कैद, एक महिना. बंदीही वाढवली. निकालपत्रात कारण म्हणून आधीचे गुन्हे लिहिले. कायद्यानं तेवढं पुरतं. पण कालची बाई समोर नसती तर...
नेताना पास्कल तिला म्हणाला, स्कूटर विकू नको.
"विकत नाय. मीच चालवनार."
तो रडला. ती नाही.

९ फेब्रुवारी
आमचे शिपाई तिच्याच बाजूला राहतात. म्हणाले, रेजिना शिकाऊ परवाना काढून चर्चच्या मैदानात स्कूटर शिकतेय. गुडघे फुटलेत. मिस्साची प्रार्थना सुटल्यावर लोक बघत थांबतात, काही हसतात. ती पडते, उठते, पुन्हा किक मारते.
दिवसभर कामात तेच डोळ्यांपुढे. न्यायाधीश होऊन इतकी वर्षं, आणि एखाद्या शिक्षेनंतर असं काही ऐकलेलं आठवत नाही.

२६ मार्च
एस.टी.तून घरी येताना बाजारापाशी बस थांबली. खिडकीतून पाहिलं, रेजिना स्कूटरवरून येत होती. पदर खोचलेला, पुढे मासळीची पाटी. मागे पास्कल, सुटून आलेला, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांवर. एवढी साधी गोष्ट, आणि काय दिसली!
ती उतरली, पाटी घेऊन बाजारात गेली. इंजिन चालूच. पास्कल पुढे सरकला. हँडल धरलं. तिच्या वाटेकडे पाहिलं. मग हँडलकडे.
बस निघाली. मान वळवून पाहत होते, पण मध्ये टेम्पो आला.