अर्ध्या फासात अडकवलेली सुई

सॉल्टपाँड,
मंगळवार, दुपार

प्रिय अरबा,

एक कोडं तुझ्याही लक्षात आलं असेल. तुझी इवुरासी आत्या बाजारात मासे निवडता निवडता तासभर अखंड बोलते. कोण कुणाशी भांडलं, कुणाची सून कशी चालते, सगळं नकलांसकट. पण बहिणीला चार ओळी लिही म्हटलं, की पेन धरून खिडकीबाहेर बघत बसते. माणूस तोच, शब्द तेच. मग कागद समोर आला की ते सगळं जातं कुठे? छत्तीस वर्षं मी वनस्पतिशास्त्र शिकवलं. प्रश्न पडला की तो उलगडून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. आणि हा तर तुझा प्रश्न आहे. क्वामेनाकाकांच्या अंत्यविधीनंतर तू फोनवर म्हणालीस, “पापा, आता मी पुन्हा काही लिहिणार नाही,” तेव्हापासून तो माझ्या उशाशी येऊन बसला आहे.

त्या दिवसाबद्दल आपण कधी नीट बोललो नाही. घरातल्या मुलांच्या वतीने काकांवर चार परिच्छेद लिहायचे, ते अंत्यविधीला वाटायच्या पुस्तिकेत छापायचे आणि चर्चमध्ये वाचायचे, हे काम सर्वांनी तुझ्यावर सोपवलं. घरात लिहिणारी तूच. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे अंत्यविधीची तयारी होईपर्यंत काका सहा आठवडे शवागारात होते आणि सहाही आठवडे तू म्हणत होतीस, “मन लागलं की लिहिते.” अखेर छापखान्यातल्या माणसाने जवळचा जुना मजकूर काढला, नाव बदललं आणि छापून मोकळा झाला. एक ओळ मात्र बदलायची राहिली. भरल्या चर्चमध्ये तुझा चुलतभाऊ वाचत गेला, “आमची प्रेमळ आई शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने आमच्या वेण्या घालत असे.” मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं, आणि आत्या कडाडली, “जिवंतपणी कुणाचं ऐकलं नाही माझ्या भावानं, आणि मेल्यावर तुम्ही त्याची बाई केलीत!” तू खाली घातलेली मान अजून वर केलेली नाहीस.

मी तुझ्यावर रागावलो नव्हतो. रागवायचा अधिकारच मला नव्हता, कारण दुखणं माझंही तेच होतं. निवृत्त झाल्यावर किनाऱ्यावरच्या झाडांवर पुस्तक लिहायचं म्हणून मी टेबल करून घेतलं, दिवा आणला, जाड वही आणली, आणि अकरा महिने तिचं पहिलं पान कोरं ठेवलं. तुझी आई म्हणायची, “वहीवरची धूळ रोज पुसता, तसं एखाद्या दिवशी तिच्यात लिहाही!” मीसुद्धा मन लागण्याची वाट पाहत होतो.

उत्तर मला एका मंगळवारी किनाऱ्यावर मिळालं. मंगळवारी समुद्रात होडी घालायची नाही ही इथल्या कोळ्यांची रीत, म्हणून सगळे जाळी सांधत बसतात, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. मीही पाहिलं होतं, पण त्याचा विचार केला नव्हता. नारळीखाली म्हातारा एग्या अटा बसला होता. मी सहज विचारलं, “एग्या, आज जाळं सांधायचं मन आहे वाटतं?” तो म्हणाला, “मास्तर, मंगळवारी मनाला विचारतो कोण? दर्या बंद, हात मोकळे. मनाला यायचं असेल तर येईल मागून, नाहीतर बसेल घरी.” उठताना त्याने शेवटची गाठ पुरी केली नाही. दोरा ओवलेली सुई अर्ध्या फासात तशीच ठेवली. मला वाटलं विसरला. “विसरलो कसला! पुरं करून उठलो, तर पुढच्या वेळी कुठून धरायचं हे शोधण्यातच सकाळ जाते. असं ठेवलं की हात आपला आपण तिथं जातो. एवढी पुस्तकं वाचलीत, आणि हे ठाऊक नाही?”

अरबा, त्या दिवशी वर्गात नवा धडा घेताना व्हायचा तसा आनंद मला झाला. बोलणं सोपं जातं, कारण त्याला धरायला समोर काहीतरी असतं: मासळी, गिऱ्हाईक, कुणाचा तरी प्रश्न. कोऱ्या कागदाला धरायला काहीच नसतं. म्हणून लिहिण्याला वेगळी वेळ शोधायची नाही. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाच्या शेपटीला ते बांधायचं. मी ते सकाळच्या कोकोच्या, आपल्या त्या मक्याच्या आंबट पेजेच्या, वाडग्याला बांधलं. पेज पिऊन वाडगा धुतला, की स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्यानेच एक वाक्य. एकच, आणि वाईट असलं तरी चालेल. तीन दिवस बुडाले तर चौथ्या दिवशी चार लिहायची नाहीत, तेव्हाही एकच. थकबाकी चढवली की माणूस वहीलाच टाळू लागतो. आणि थांबायचं ते वाक्याच्या मध्येच. पहिल्या महिन्यात मी बदामाच्या झाडाबद्दल जे लिहिलं, ते वाचून माझ्या विद्यार्थ्यांनी मला नापास केलं असतं. चौदा महिन्यांनी एकेचाळीस पानं झाली आहेत.

माझं अक्षर आज वाकडं दिसेल. हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितो आहे. मघाशी तुझी आई डोकावून गेली, “कुणाला एवढं लांबलचक?” मी म्हटलं, बागेबद्दल टिपणं काढतोय. या महिन्यात दोनदा केप कोस्टला गेलो, तेव्हाही तिला चष्म्यासाठी जातो असंच सांगितलं होतं.

चष्म्यासाठी गेलो नव्हतो. माझ्या पोटात एक गाठ सापडली आहे आणि तीन आठवड्यांनी शस्त्रक्रिया आहे. ती कशी आहे, हे उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. आईला मी रविवारी चर्चहून आल्यावर सांगेन. तोवर तू बोलू नकोस. कदाचित मी बरा होईन आणि या पत्रावरून तू मला वर्षानुवर्षं चिडवशील. पण आज ना उद्या माझीही पुस्तिका छापली जाईल, आणि लोक पुन्हा तुझ्याकडेच बघतील. माझ्या नावावर दुसऱ्या कुणाचं आयुष्य छापलं गेलं तर मला कळणारही नाही. तुला मात्र जन्मभर कळत राहील. मला भीती वाटते ती याची. म्हणून एवढं कर. उद्या सकाळी वाडगा धुतलास की ओल्या हातांनीच ‘माझे पापा’ असे दोन शब्द लिही, त्यांच्यापुढे जे येईल ते येऊ दे, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत पेन खाली ठेव. परवा वाडगा धुताना हात त्या अर्ध्या वाक्याकडे आपला आपण जातो का, तेवढंच पाहा.

तुझ्यासारखाच मंगळवारी जन्मलेला, तुझाच
पापा