काखेतला व्रण

दादा,

'प्रिय' लिहून खोडलं.

यांच्या काखेत लांब व्रण दिसला म्हणून विचारलं. लग्नाआधी थायरॉईडची गाठ रोबोटनं तिथून काढली, गळ्यावर खूण नको म्हणून. दवाखान्याची फाईल उघडली, तर सोबतचा माणूस म्हणून तुझी सही! वाळूजच्या कंपनीतला मित्र म्हणून स्थळ तूच आणलंस. मेच्या उकाड्यात, हळदीला, नवरदेवाला बनियन काढू दिलं नाहीस ते यासाठीच. हे मला सगळं सांगणार होते. "पोरगी नाय म्हणेल," असं म्हणून तूच अडवलंस.

गळ्यावर व्रण घेऊन आले असते, तरी मी व्हय म्हटलं असतं.

चिठ्ठी त्याच फाईलीत ठेवतेय, तुझ्या सहीला टाचून; फाईल यांच्या हातून कंपनीत तुझ्याकडं येईल. राखीला येणार नाय.

जिला तू विचारलं नाहीस, ती
तनुजा, बिडकीन