पळ, मोकळ्यावर!

लातूर, रविवार, दिवेलागण

लेकीला आज रागवायचं होतं, राहूनच गेलं. बायोलॉजीची टेस्ट बुडवून वैष्णवी मैदानावर फुटबॉल खेळायलीय, असा क्लासमधून फोन आला. तशीच निघाले, डोकं तापलेलं.

भूकंपापासून माझी एक खोडच झाली आहे. पत्रा जरा वाजला की पोरीला म्हणायचं, "पळ, मोकळ्यावर! मागं बघू नको." ती दोन वर्षांची असल्यापासून हेच. त्या पहाटे मी अंगणात मागं बघत थांबले होते, माझ्या आईसाठी. आई बाहेर आलीच नाही.

मैदानावर पोचले तर बॉल वैष्णवीच्या पायात, पुढं सगळं मोकळं. काय पळाली! बॉल पायाला चिकटल्यासारखा, चार पोरी पाठलागावर, पण एकदाही मागं बघितलं नाही.

"पळ!" कोण ओरडलं? मीच की.

गोल झाला आणि मग मात्र ती वळली. माझा आवाज ओळखला होता तिनं. कपाळावर हात धरून मागं बघत, मला शोधत उभी राहिली.

मी दोन्ही हात वर केले. "आले गं, हाय मी!"