डोळ्यातला कारखाना

४ मार्च
आजपासून तक्रार बंद. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे नको तिथे रक्तवाहिन्या फुटल्यात, त्या गळतात, आणि समोरची सरळ रेषा पोटात वाकते. वाकू दे. जन्मभर भूमिती शिकवली, रेषा मला टरकून असतात.
दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. मी हूं की चूं करत नाही. ही म्हणते, हूं आणि चूं सोडून बाकी सगळं करता.
हिच्याही डाव्या डोळ्यात हेच आहे. पण ती बोलत नाही, म्हणजे किरकोळ असावं. शिवणाच्या सुईत दोरा मात्र हल्ली मला ओवायला लावते. माझ्या हाताला वळण आहे.

९ मार्च
बातमी! डॉक्टरीणबाईंकडे नवा प्रयोग सुरू होतोय. जीन थेरपी. एक निरुपद्रवी विषाणू घ्यायचा, त्याच्या पाठीवर एक जीन बसवायचं आणि डोळ्यात सोडायचं. मग डोळाच औषध तयार करतो. म्हणजे कारखाना! मालक मी!
बाई म्हणाल्या, अजून खात्री नाही, आधी तपासण्या, मग बघू. फार जपून बोलतात. निवड झाल्यातच जमा आहे.
हिचंही नाव लिहून घेतलं. मला सोबत.

११ मार्च
केस कापायला गेलो. न्हाव्याला सगळं समजावलं. तो म्हणाला, मास्तर, विषाणू विकत कशाला घ्यायचा, माझ्याकडे येतात ती गिऱ्हाइकं फुकट शिंकतात. विज्ञानाची गोडी नाही. बाकावर एकजण वाट बघत होता, त्यालाही समजावलं. तो केस न कापताच गेला. भारावला असणार.

१२ मार्च
निश्चय: पहाटे उठणे, भरभर चालणे, पालेभाज्या. प्रयोगाला नमुना उत्तम मिळाला पाहिजे.

१३ मार्च
उशिरा उठलो. नमुन्याला झोपही लागते.

२० मार्च
तपासण्या. रक्त देताना किंचित चक्कर आली. उपाशीपोटी होतो. (नाश्ता दोनदा झाला होता, पण लवकर पचला.) ही रक्त देता देता नर्सशी ब्लाउजच्या बाह्यांवर बोलत होती.
मग हिला तक्ता वाचायला लावला. डाव्या डोळ्याने. पहिल्या ओळीतलं एवढं मोठं अक्षर, तेही येईना. मी मागून हळूच सांगितलं. मला बाहेर काढलं.
घरी आल्यावर तक्त्याचा विषय काढला नाही. तिनेही नाही.

२ एप्रिल
मी बाद.
हा विषाणू म्हणे मला पूर्वी कधीतरी नकळत येऊन गेलाय. रक्तात अँटिबॉडीज आहेत. आता तो जीन घेऊन आला तरी शरीर त्याला दारातूनच हाकलेल. थोडक्यात, माझी प्रतिकारशक्ती विज्ञानाला झेपली नाही.
ही पास.
रिपोर्टांची अदलाबदल झाली असेल, असं सुचवलं. बाई नाही म्हणाल्या. पुन्हा सुचवलं. पुन्हा नाही म्हणाल्या.
परतताना हिला विचारलं, भीती वाटते का? म्हणाली, हो, दर महिन्यालाच वाटते. मग कधी बोलली का नाहीस? तर म्हणाली, तुमचं संपायची वाट बघत होते.

३ एप्रिल
हिला मार्गदर्शन मीच करणार. नंतर डोळ्यात थेंब घालायचे असतात, तेही माझ्याकडे. साध्या पाण्याने स्वतःवर सराव केला. पहिला नाकात. दुसरा कानात, पण तो अवघड कोन होता.

१४ एप्रिल
आज हिला टोचलं. मी धीर द्यायला दारापाशी उभा. आत जाताना तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, घाबरू नका हं, आलेच मी. नर्सने मला खुर्ची दिली, मग पाणी, मग पंखा माझ्याकडे वळवला.
ही बाहेर आली ती डोळ्यावर पट्टी आणि चक्क हसत. मी रडलो नाही. डोळ्याचा आजार आहे, गळतो.

९ जून
हिची तपासणी. पडद्यामागचं पाणी ओसरलंय. या महिन्यात इंजेक्शन नको! बाई म्हणाल्या, एवढ्यात हुरळू नका, पुढे बघत राहायचं. ठीक. हुरळलो नाही. फक्त रिक्षावाल्याला, न्हाव्याला आणि जिन्यात भेटलेल्या दोघांना सांगितलं.
तिने तक्त्याची तिसरी ओळ वाचली. मी तोंडावर हात ठेवून उभा होतो.

१० जून
माझं इंजेक्शन. मुद्दाम एकटा गेलो. दवाखान्यात आता मला मान आहे. प्रयोगाबद्दल कुणी विचारलंच तर म्हणून चार शब्द पाठ करून ठेवले होते.
नर्सने दार ढकलून आत आवाज दिला: बाई, त्या शिवणवाल्या काकूंचे मिस्टर आलेत. ते ओरडणारे.
आलो, म्हटलं.